उगवतीचं वारं

सोमनाथ लग्नाचे मांडव घालायचा. शिवऱ्याला हायवेच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. आत लोखंडी पाईप, कनातींच्या गुंडाळ्या, एकात एक बसवलेल्या लाल खुर्च्यांच्या उतरंडी, आणि मागच्या अंगाला एक खोली. त्या खोलीत तो राहायचा. आई होती तोवर तिथं भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आई गेल्यावर एकट्यापुरता भात शिजायला लागला, आणि लगीनसराईत तोही नाही, कारण घर गरिबाचं असो नाहीतर श्रीमंताचं, मांडववाल्याला ताट मिळतंच. ते मिळतं मागच्या बाजूला, आचाऱ्याच्या भांड्यांजवळ, एवढंच.

त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. बघणी झाली, नाही असं नाही. एका मुलीच्या मामानं सरळच विचारलं होतं, "लगीनसराईत तुमी घरी नसता, पावसाळ्यात तुमाला काम नसतं. मग पोरीनं बघायचं काय?" चाळिशी उलटली तशी माणसं विचारायची थांबली. लोकांच्या अंगावर अक्षता पडताना तो मागं कुठल्यातरी खांबाला हात लावून उभा असायचा. खांब हलतोय का, हे बघायला.

खांब हलतोय का हे बघायची सवय त्याला उगाच लागली नव्हती. काही वर्षांमागं नसरापूरच्या बाजूला एका हळदीचा मांडव त्यानं घातला होता. डोक्यावर लख्ख ऊन. लांब उगवतीला काळं काहीतरी दिसत होतं, पण ते एवढं लांब, की त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि एकदम वारं आलं. गार, धुळीनं भरलेलं. छत फुग्यासारखं फुगलं, खुंटे जमिनीतून उपटून निघाले आणि नवरदेवाच्या आजीच्या, साळूबाईच्या, खांद्यावर पाईप आला. म्हातारी वाचली, पण तो हात नंतर खांद्याच्या वर गेला नाही. "देवाचं वारं, बाबा. तू काय करणार?" असं साळूबाईच त्याला म्हणाली. सोमनाथला ते पटलं नाही. त्याला सगळ्यात जास्त छळत होतं ते हे, की डोक्यावर ढग नसताना वारं आलं कुठनं?

त्याचं उत्तर त्याला भोरमध्ये मिळालं, शैलजाबाईंच्या स्वयंपाकघरात.

शैलजाबाई भोरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. सोमनाथ नववीत त्यांच्या वर्गात होता, खिडकीशेजारच्या बाकावर, आणि बहुतेक वेळ खिडकीबाहेर. आता त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचा पुतण्या प्रद्युम्न बंगळुरूला होता. त्याच्या मुलाची मुंज बाईंनी हौसेनं आपल्या अंगणात करवली आणि मांडव सोमनाथनं घातला. मुंज झाली, लाडू वाटले गेले, पाहुण्यांच्या गाड्या त्याच संध्याकाळी पुण्याकडं निघाल्या. दुसऱ्या दिवशी सोमनाथ मांडव सोडायला गेला, तेव्हा बाई रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध एकट्या बसल्या होत्या. कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

"तू जाधवांचा सोमनाथ ना? खिडकीतला?"

"व्हय बाई."

"चहा घेऊन जा. घाई करू नकोस."

चहा घेता घेता त्यानं विचारलंच. साळूबाईचं सांगितलं, त्या वाऱ्याचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याला आत बोलावलं. "चपला काढल्यास ना? इथं उभा राहा," म्हणाल्या आणि फ्रीजचं दार सताड उघडलं.

"कुठं गार लागतंय?"

"पायाला."

"तोंडाला का नाही? दार तर तोंडासमोर आहे."

सोमनाथनं खाली पायांकडं बघितलं.

"गार हवा जड असते. ती बाहेर पडली की खाली कोसळते आणि फरशीवरून पसरत जाते. मोठ्या ढगातून पाऊस पडायला लागला की हेच होतं. वरची गार हवा दाणकन जमिनीवर आदळते आणि चारी बाजूंना पळत सुटते. पावसाच्या पुढं, कोस-दोन कोस. तुझा मांडव उडवला तो ढग तुझ्या डोक्यावर नव्हताच, सोमनाथ. तू वर बघत बसला असतास तरी तुला दिसला नसता."

फ्रीजचं दार बाईंनी लावलं तरी सोमनाथ तिथंच उभा होता.

"मग कळावं कसं, बाई?"

मग बाई बोलायला लागल्या. शाळा सुटून किती वर्षं झाली होती, पण आवाज तोच. हवा म्हणजे सगळीकडं एकच काहीतरी भरून राहिलेलं आहे असं आपल्याला वाटतं, म्हणाल्या, पण तसं नसतं. हवासुद्धा मुक्कामाला राहते. वाळवंटावर बरेच दिवस बसली की कोरडी होते, समुद्रावर बसली की दमट. जिथं राहिली तिथला गुण घेऊन ती उठते आणि चालायला लागते, अख्खा मुलूख व्यापून. पुस्तकात तिला वायुराशी म्हणायचे. अशी एकच हवा आपल्यावरून जात असते तोवर कालच्यासारखाच आज उगवतो. थंडीत उत्तरेचं वारं धरलं की नाही का रोज तेच, ओठ फुटलेले, आभाळ कोरडं? दिवस बदलतो तो दोन हवांची गाठ पडते तिथं.

"गाठ पडली की मिसळत न्हाईत?"

"लगेच नाही. अनोळखी माणसं एका ओसरीवर बसली तर लगेच बोलतात का? चैत्र-वैशाखात वायव्येकडून कोरडी हवा येते आणि बंगालच्या उपसागराकडून दमट. दोघी समोरासमोर आल्या की मधे एक रेघ पडते. त्या रेघेवर हवेला पुढं जायला जागा नसते, मग ती वर चढते. वर गेली की गार होते आणि ढग धरतो. त्या रेघेला आम्ही आघाडी शिकवायचो. ती खरी थंड देशांतली. आपली रेघ तिची चुलत बहीण म्हण."

"आगाडी?" सोमनाथला निवडणुकीतली आघाडी आठवली आणि तो हसला. बाईंनाही ते कळलं आणि त्याही हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं असावं, कारण बाई हसता हसता मधेच थांबल्या आणि ओट्यावर ठेवलेलं झाकण उगाच नीट करायला लागल्या.

त्या दिवसापासून फोनची सवय लागली. मोठं काम असलं की सोमनाथ सकाळी बाईंना फोन करायचा. प्रद्युम्ननं दिलेल्या टॅबवर बाई वाऱ्याचा नकाशा बघायच्या आणि सांगायच्या, "आज निर्धास्त राहा, सगळीकडं एकच कोरडी हवा आहे," नाहीतर, "उगवतीचं वारं फार आत आलंय, दुपारनंतर जप." हळूहळू काम नसतानाही फोन व्हायला लागला. बाई विचारायच्या, तुझ्याकडं सकाळी दव होतं का, अंगाला चिकट लागतंय का, धूर कुठं वाकतोय. सोमनाथ शेडच्या दारात उभा राहून, ओलं बोट वर धरून सांगायचा. पावसाळ्यात मांडव नसायचे, तरी फोन असायचा. हायवेवरून गाड्या जात राहायच्या, कुणी थांबायचं नाही, आणि हा कानाला मोबाईल लावून कुणालातरी हवेचं सांगत असायचा. दिवसभरात त्याला नावानं हाक मारणारं ते एकच माणूस होतं. बाईंचंही तसंच होतं, पण ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

विंझरच्या कुंडलिकच्या लेकीचं, शिवानीचं, लग्न निघालं ते वैशाखात. मुहूर्त गोरजाचा. शेतात मोठा मांडव, कापडाचं छत, झालरी, स्टेज. सकाळी बाईंचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"सोमनाथ, आज रेघ आपल्यावरूनच जातेय. पूर्वेकडून भरपूर ओल आलीय आणि वरून कोरडा वारा जोरात आहे. दुपारी ढग उठणार. छत ठेवू नकोस."

सोमनाथनं विंझरला उतरून बघितलं. वारं पडलेलं. अंगाला शर्ट चिकटत होता. आभाळ मात्र धुऊन काढल्यासारखं निळं. त्याला साळूबाईचा खांदा आठवला. त्यानं आपल्या जुन्या गड्याला, धनाजीला, हाक मारली आणि छताच्या दोऱ्या सोडायला सांगितल्या.

कुंडलिक धावतच आला.

"आरं, काय करतो? अंगाला हळद लागलेली पोर घरात बसलीय आन तू मांडव उतरवतो? अवलक्षणी कुठला!"

"दादा, निस्तं छत काढतो. पाईप ऱ्हाऊ द्या. ढग येऊन गेला की परत चढवतो. मुहूर्ताला वेळ हाय."

"कुठाय ढग? दाव मला. दाव!"

दाखवायला ढग नव्हता. सोमनाथ म्हणाला, "माजी जबाबदारी," आणि छत खाली घेतलं.

वऱ्हाड आलं ते भर उन्हात. उघड्या पाईपांच्या सांगाड्याखाली माणसं खुर्च्यांवर बसली, तापलेल्या खुर्च्यांवरून उठली, कुणी आंब्याखाली गेलं, कुणी देवळात. नवऱ्याकडच्या बायका पदरानं वारा घेत कुंडलिककडं बघत होत्या आणि कुंडलिक सोमनाथकडं. दुपार कलली तसा दक्षिणेला, भोरच्या अंगाला, ढग वर चढायला लागला. चढता चढता पांढऱ्याचा काळा झाला, माथा ऐरणीसारखा पसरला, लांब गडगडलं. सोमनाथनं पाईपांच्या ताणाच्या दोऱ्या पुन्हा तपासल्या. आता येणार.

आली ती एक गार झुळूक. आंब्याची पानं सळसळली, मांडवातली पत्रावळ दोन कोलांट्या खाऊन पडली. एक बाई म्हणाली, "काय ग्वाड वारं सुटलं!" आणि झालं. ढग तिकडंच गडगडत राहिला, तिकडंच बसला. विंझरवर थेंब पडला नाही.

मग छत परत चढवायची घाई झाली. एका बाजूची झालर तिरकी लोंबत राहिली आणि त्या तिरक्या झालरीखाली शिवानीच्या डोक्यावर अक्षता पडल्या. कुणीतरी मोबाईलवर उघड्या सांगाड्याचा व्हिडिओ काढून गावभर पाठवला होता. कुंडलिक जवळ आला, ओरडला नाही, हळूच म्हणाला, "माज्या पोरीच्या लग्नाचा तमाशा केलास." ओरडला असता तर बरं झालं असतं.

सोमनाथनं बाईंना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. त्याला वाटलं, आपल्याला सांगायचंय की बाई, आला नाही. मग एकदम ध्यानात आलं, की ढग आला नाही तर गेला कुठं होता. मांडव धनाजीवर सोपवून तो टेम्पो घेऊन निघाला.

कापूरहोळ ओलांडल्यावर रस्ता ओला लागला, पुढं फांद्या पडलेल्या, आणि भोरच्या अलीकडं कडेच्या चरांत गारांचे पांढरे ढीग, अजून न विरघळलेले. गावात वीज नव्हती. बाईंच्या पडवीचा पत्रा रस्त्यात येऊन पडला होता, आंब्याची अर्धी फांदी अंगणात. दार उघडंच होतं. बाई जेवणाच्या टेबलाशी मेणबत्ती लावून बसल्या होत्या, अंगावर शाल.

"लागलं न्हाई ना, बाई?"

"नाही. टेबलाखाली बसले होते. ह्या वयात." मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं काय झालं?"

"न्हाई आला."

मेणबत्तीच्या उजेडात बाईंचा चेहरा उतरलेला त्याला दिसला. "म्हणजे मी तुझा मांडव उतरवला."

"रेघ व्हती बाई. हितं व्हती."

"रेघ साधारण कुठं पडेल ते कळतं रे. तिच्यावर ढग नेमका कुठं उभा राहील, ते नाही कळत. मी तुला तसं सांगायला हवं होतं. सांगण्याच्या भरात..." त्या थांबल्या. "कुणी विचारलं की फार बरं वाटतं. त्या भरात माणूस जास्त खात्रीनं बोलतं."

सोमनाथनं ओट्यापाशी जाऊन पिठाचा डबा शोधला, पिठलं टाकलं, भात लावला. दोघं मेणबत्तीशी बसून जेवले. खूप दिवसांत तो समोर माणूस असताना जेवला नव्हता. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं. बाईंनी तसं सांगितलं आणि तरी परत वाढून घेतलं.

"गारा पडत होत्या तेव्हा," बाई जेवता जेवता म्हणाल्या, "मी मोठ्यानं बोलत होते. बघ, आता खाली येईल, आता पसरेल. वर्गात बोलावं तसं. आणि मग लक्षात आलं की घरात कुणी नाही."

पुढं झालं ते असं. पडवीचं ऐकून प्रद्युम्न आला. आता काकूनं इथं एकटं राहायचं नाही म्हणाला, आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. आषाढ लागायच्या आत बाई बंगळुरूला गेल्या. निघताना त्यांनी सोमनाथला फ्रीज घेऊन जायला सांगितलं. त्यानं नको म्हटलं, मग घेतला.

काही दिवस फोन चालला. पण बंगळुरूची हवा वेगळी, तिथल्या वाऱ्यांची नावं वेगळी, आणि बाईंना सतराव्या मजल्यावरून धूर कुठं वाकतो ते दिसायचं नाही. "इथं सगळं काचेच्या आत आहे," त्या म्हणायच्या. मग ऐकू कमी यायला लागलं. तो सांगायचा एक, त्या उत्तर द्यायच्या दुसरंच. दिवाळीनंतर प्रद्युम्नच्या बायकोनं, मैथिलीनं, फोन घेतला आणि फार गोड आवाजात सांगितलं, "काकूंना आता फोनवर काही समजत नाही हो. त्या गोंधळतात. काही निरोप असेल तर मी सांगते." सोमनाथनं शेडच्या दारात येऊन ओलं बोट वर धरलं. मग म्हणाला, "सांगा, हिकडं उत्तरेचं वारं धरलंय." मैथिली बरं म्हणाली.

त्या हिवाळ्यात सकाळी शेडच्या दारात तो तसाच उभा राहायचा. कोरडं, सुईसारखं वारं, रोज एकसारखं. बदलायचं काही नाही, सांगायचं काही नाही. विंझरच्या बाजूची कामं तुटली होती. नसरापूरच्या चहाच्या टपरीवर "हवामानवाला आला" म्हणून कुणीतरी हळूच हसायचं. तो चहा घेऊन निघायचा.

पुढच्या वैशाखात वेल्ह्याजवळच्या एका वाडीत त्याला काम मिळालं. दुसरा कुणी तारखेला मोकळा नव्हता म्हणून. सकाळी वारं उगवतीचं होतं, अंग चिकटत होतं. आता विचारायला कुणी नव्हतं. तो बराच वेळ मांडवाखाली उभा राहिला. विंझरचं आठवलं, साळूबाईचं आठवलं, आणि ढग नेमका कुठं उभा राहील ते नाही कळत, हेही आठवलं. मग त्यानं छत काढलं नाही. उगवतीच्या बाजूच्या कनाती तेवढ्या गुंडाळल्या, वाऱ्याला वाट राहावी म्हणून. छताच्या गाठी साऱ्या सोडून सरफाशाच्या बांधल्या, एक टोक ओढलं की कापड सुटावं अशा. प्रत्येक खांबापाशी एक गडी उभा केला. घरच्यांना काही बोलला नाही.

अक्षता पडून गेल्या आणि पंगत बसायच्या वेळी उगवतीकडून धुळीची भिंत आली. तिच्यापुढं ते गार वारं. सोमनाथ ओरडला, "सोडा!" टोकं ओढली गेली, कापड सरसरत खाली आलं, वारं पाईपांमधून शिटी वाजवत निघून गेलं. एकही खांब हलला नाही. माणसं हसत-किंचाळत शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात पळाली, पाऊस झोडपून गेला, आणि थोड्या वेळानं पंगत व्हरांड्यातच बसली. नवरीचा बाप येऊन म्हणाला, "छत सारं भिजलं की वो तुमचं," आणि आचाऱ्याकडं गेला. पडलेला मांडव सगळ्यांच्या ध्यानात राहतो. न पडलेला कुणाला दिसत नाही.

सोमनाथ ओल्या सांगाड्याखाली उभा होता. हे कुणालातरी सांगायला हवं होतं. असं झालं, असं केलं, खांब हलला नाही. त्यानं आजूबाजूला बघितलं. लांब धनाजी विडी पेटवायचा प्रयत्न करत होता, काडी ओली झाली होती.

सोमनाथ त्याच्याजवळ जाऊन बसला.

"धना, ह्या दोन हवा असत्यात बग," तो म्हणाला. "एक वाळवंटाकडची, एक समुद्राकडची. त्यांची गाठ पडली की..."

धनाजीनं विडी खाली ठेवली. त्याला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मधेमधे "व्हय" म्हणाला. मग विचारलं, "म्हंजी उद्या?"

"उद्या कोरडं. वारं फिरलंय."

"मग कापड वाळंल," धनाजी म्हणाला, आणि दोघं उठून भिजलेलं जड छत चिखलातून ओढायला लागले.